घरातली दुसरी गाडी कुणासाठी?

कुणी गटाच्या बैठकीत बसून ऐकत असेल, कुणी भाकरी थापता थापता, कुणी रानातून येऊन आत्ताच टेकली असेल.

आजचा विषय गाडीचा आहे. गाडी म्हणजे दोन चाकांची, कारण आपल्याकडे गाडी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. आमच्या गटांमध्ये कर्जाची मागणी येते, त्यात आधी शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना अशी कारणं असायची. आता त्यात ‘घरात दुसरी गाडी’ असंही लिहून येऊ लागलं आहे. म्हणून आम्ही गटाच्या बायांनी यावर बसून बोललो, गाड्या बघितल्या, बसून पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहोत.

पहिली गोष्ट. ‘एक गाडी आहे की घरात, दुसरी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येकीला ऐकावा लागतो. त्याचं उत्तर सरळ आहे. पहिली गाडी सकाळी कारभाऱ्यांबरोबर रानात जाते, डेअरीवर जाते, बाजारात जाते आणि संध्याकाळी घरी येते. बँक दुपारी बंद होते. अंगणवाडीची, आरोग्य केंद्राची, पंचायत समितीची कामं दिवसाच असतात. म्हणजे आपल्याला काम असतं तेव्हा गाडी घरी नसते, आणि गाडी घरी असते तेव्हा कार्यालयं बंद असतात. मग आपण फाट्यापर्यंत चालत जायचं, वडापची वाट बघायची, अर्धा दिवस घालवायचा. मजुरीचा दिवस बुडतो तो निराळाच. दुसरी गाडी म्हणजे चैन आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना हा हिशोब मांडून दाखवा.

पण खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. गाडी घ्यायचं ठरतं, गटातून कर्ज निघतं, हप्ता आपण भरणार असतो. शोरूममध्ये मात्र पोरगा जातो, भाऊ जातो, आणि येताना कोणती गाडी येते? दिसायला झोकदार, पुढे वाकून चालवायची, मागची सीट उंच आणि वितभर. तिच्यावर सासूबाईंना बसवता येत नाही, साडी नेसून आपल्याला बसता येत नाही, चालवायची तर पाय टेकत नाहीत. हप्ता एकीचा आणि पसंती दुसऱ्याची, असं होतं. म्हणून आजच्या बोलण्याचं सार आम्ही आधीच सांगून टाकतो. जी रोज चालवणार आणि जी रोज मागे बसणार, त्या दोघींनी बसून बघितल्याशिवाय गाडी ठरवायची नाही.

आता निवड कशी करायची ते बघू. आपण एकाच गाडीकडून तीन कामं मागतो. एक, रोजची ये-जा. दोन, मागे माणूस बसवून नेणं, मग ते पोर असेल, आजारी माणूस असेल, गटातली मैत्रीण असेल. आणि तीन, कधीतरी लांबचा प्रवास, देवदर्शन, माहेर, लग्नकार्य. या तिन्ही कामांना सगळ्यात चांगली अशी एकच गाडी नसते. म्हणून वर्षाचे दिवस मोजा. वहीत तीन रकाने करा. रोजच्या कामाचे दिवस किती? समजा २५०. मागे कुणीतरी बसलेलं असेल असे दिवस किती? समजा त्यातलेच १००. आणि लांबचे दिवस? पाच-सहा. मग गाडी २५० दिवसांसाठी घ्यायची की सहा दिवसांसाठी? हे वहीत समोर दिसलं की अर्धं भांडण मिटतं. ‘पंढरपूरला जायला मोठी गाडी लागेल’ असं म्हणणाऱ्याला सांगा, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्ध तिकीट आहे. लांबच्या वारीला एसटी आहे. आपल्याला गाडी हवी ती जिथे एसटी वेळेवर येत नाही त्या रस्त्यासाठी.

तरी सगळ्यांचा हिशोब सारखा नसतो. कुणी आशाताई आहे, तिला वाडीवस्तीवर कच्च्या वाटेनं फिरावं लागतं. कुणी पापड-मसाले घेऊन चार गावचे बाजार करते. कुणाचं गाव घाटाखाली आहे. म्हणून शेजारणीने घेतली तीच आपण घ्यायची, असं करू नका. आपला रस्ता, आपलं ओझं आणि आपलं माणूस, या तीन गोष्टी बघा.

आम्ही काय केलं ते सांगतो. एका रविवारी आमच्या गटातल्या घरांमध्ये होत्या त्या गाड्या शाळेच्या मैदानात आणल्या. एक गियर नसलेली स्कूटर, एक १०० सीसीची मोटारसायकल, एक १२५ सीसीची, आणि एक मोपेड, जिच्यावर आमच्या एक ताई भाजी नेतात. मोजायला शिवणकामाची टेप घेतली. पहिली बघितली सीटची उंची. कंपनीच्या कागदावर ती मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांची उंची जमिनीपासून साधारण ३० ते ३२ इंच भरते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय टेकत नाहीत; अरुंद असेल तर तेवढ्याच उंचीवर टेकतात. म्हणून बसूनच बघायचं. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत. आणि चप्पल रोजचीच घाला. शोरूमला जाताना आपण टाचेची घालतो, मग तिथे टेकलेला पाय घरी टेकत नाही.

दुसरं बघितलं वजन. स्कूटर साधारण १०५ ते ११० किलोची असते, १०० सीसीची मोटारसायकल ११० ते ११५ किलोची, मोपेड ९० किलोच्या आत. क्लासिक ३५० बुलेट १९५ किलोची. चालू गाडीचं वजन जाणवत नाही, ते जाणवतं बंद गाडी ढकलताना, उतारावरून मागे घेताना आणि डबल स्टँडला लावताना. आमच्यातल्या काहीजणींना डबल स्टँडची भीती होती. त्यात युक्ती आहे, ताकद नाही. स्टँडच्या पट्टीवर उजव्या पायाने अंगाचा सगळा भार द्यायचा, हाताने गाडी फक्त सरळ धरायची. गाडी आपोआप मागे चढते. हाताने उचलायला जाल तर कंबर धराल. चाळिशी ओलांडलेल्या दोन काकूंनी पहिल्या झटक्यात लावून दाखवली. तर अशी स्टँडला लावणं, ढकलणं, वळवून घेणं, हे सगळं विकत घेण्याआधी करून बघा.

आता मागे बसणारीकडे येऊ. हा विषय आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातल्या बहुतेक जणी आयुष्यभर मागेच बसल्या आहेत आणि मागच्या सीटबद्दल कुणी विचारलेलं नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम खास मागे बसणाऱ्यासाठी आहे. मोटारसायकलला मागच्या माणसाला धरायला पक्कं हँडल पाहिजे, पाय ठेवायला फूटरेस्ट पाहिजे आणि मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं चाक झाकणारी जाळी पाहिजे. हेच आपलं साडीगार्ड. म्हणजे साडीगार्ड ही शोरूमवाल्याची मेहरबानी नाही, तो नियम आहे. पण पोरं काय करतात? गाडी घरी आली की ‘चांगली दिसत नाही’ म्हणून आधी साडीगार्ड काढून टाकतात. मग त्याच गाडीवर आईला बसवतात. पदर, ओढणी, शाल चाकात गेली की माणूस मागे खेचला जातो, गळ्याला फास बसतो. हे बघायला फार लांब जावं लागत नाही. प्रत्येक गावात अशी एखादी गोष्ट ऐकायला मिळते. तेव्हा घरात गाडी जुनी असो नवी असो, आज संध्याकाळी मागच्या चाकाकडे बघा. साडीगार्ड नसेल तर बसवून घ्या. चेन उघडी असेल तर पूर्ण झाकणारं चेनकव्हर लावा. आणि बसताना पदर पुढून घेऊन कमरेला खोचायचा, ओढणी गळ्यात न ठेवता आडवी बांधायची.

एका बाजूला बसायचं की दोन्हीकडे पाय टाकून? आपल्याकडे एका बाजूला बसणं हे बाईमाणसाचं बसणं मानलं जातं. पण गाडीचं गणित वेगळं आहे. एका बाजूला बसलं की सगळा भार डावीकडे जातो, चालवणाऱ्याला हँडल सांभाळत राहावं लागतं. खड्डा आला, ब्रेक लागला की मागची पुढे किंवा खाली सरकते, कारण तिला मांडीने पकडच नसते. दोन्हीकडे पाय टाकले की भार मधोमध राहतो. आणि यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या गटातल्या एक आजी नऊवारी नेसतात. त्या त्या रविवारी काष्टा सावरून टाच मारून बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्या सहावारीचीच अडचण आहे, आमच्या लुगड्याची नाही.’ सगळ्या हसल्या, पण गोष्ट खरी आहे. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींनी, सुनांनी गाडीवर बसताना पंजाबी ड्रेस घातला तर घरच्यांनी त्यात वावगं मानू नये. ज्यांना सहावारीतच जायचं आहे त्यांनी डाव्या बाजूला पाय ठेवायची लांब पट्टी आहे ना ते बघावं, एक हात मागच्या हँडलला ठेवावा आणि मांडीवर दोन हातांनी धरायचं ओझं घेऊ नये.

मागची सीट कशी बघायची? तिला बसवा आणि फेरी मारा. सीट सपाट हवी. मागून पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागची चालवणारीच्या पाठीवर येते. दोघींच्या मध्ये चार बोटं जागा राहिली पाहिजे. फूटरेस्ट फार वर असेल तर गुडघे छातीशी येतात आणि गुडघेदुखी असलेल्या बाईला अर्ध्या तासात उतरावंसं वाटतं. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, त्याला पाय लागून भाजू नये म्हणून पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण आहे का ते बघा. आणि चढणं-उतरणं बघा. सासूबाईंना चढता येत नसेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही.

मग स्कूटर की मोटारसायकल? थोडं मागचं सांगतो. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. पायडल असलेली, हलकी, ५० सीसीची. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई पहिल्यांदा गाडीवर बसल्या त्या लूनावर. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, तिला गियर नव्हते आणि बटणावर सुरू व्हायची. किक मारायला नको, गियर टाकायला नको, त्यामुळे साडी नेसून चालवता येऊ लागली. आजच्या सगळ्या स्कूटर त्याच वाटेने आलेल्या आहेत.

स्कूटरच्या बाजूने बोलायचं तर पुढे पाय ठेवायची फळी आहे, तिथे पिशवी, पिठाचा डबा राहतो. सीटखाली डिकी आहे, त्यात गटाच्या वह्या, पर्स, रेनकोट राहतो. बसताना पाय वरून टाकावा लागत नाही. डांबरी रस्ता असेल, दहा-पंधरा किलोमीटरची ये-जा असेल तर स्कूटरसारखी सोय नाही.

पण स्कूटरचं चाक लहान असतं, दहा किंवा बारा इंची. मोटारसायकलचं सतरा किंवा अठरा इंची. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्या वाटेवर खडी उखडली आहे, पावसात चिखल होतो, ओढा ओलांडावा लागतो, तिथे स्कूटरवर मागे बसणारीची कंबर जाते. तिथे १०० किंवा ११० सीसीची साधी, सरळ बसायची मोटारसायकल बरी. मोपेडचं चाक दोघांच्या मधलं, सोळा इंची असतं. वजन कमी, ओझ्याला चांगली, पण दोन माणसं घेऊन घाटात दमते. घाटाचा रस्ता असेल आणि मागे बहुतेक वेळा कुणी बसणार असेल तर १२५ सीसी बघा. १०० सीसीची चढते, पण गियर सारखे पाडावे लागतात.

ॲव्हरेजचा हिशोबही करून ठेवा. समजा रोज २० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ६० देते धरलं तर पावणेनऊ लिटर लागेल. स्कूटर ४५ देते धरलं तर साडेअकरा लिटर. फरक सुमारे तीन लिटरचा, म्हणजे १०५ रुपयांच्या भावाने महिन्याला तीनशे रुपये. तीनशे रुपयांत आपली सोय होत असेल तर स्कूटर महाग नाही. पण हे डोळसपणे ठरवा.

विजेच्या स्कूटरबद्दल बऱ्याच जणी विचारतात. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या ज्या छोट्या गाड्या आहेत, त्यांना लायसन्स आणि पासिंग लागत नाही. गावातल्या गावात एकटीला त्या ठीक आहेत, पण दोन माणसं आणि चढ यांचं काम त्यांचं नाही. मोठी, पासिंगची विजेची गाडी घ्यायची तर तीन प्रश्न विचारा. आपल्याकडे वीज कोणत्या वेळी असते? दोन माणसं घेऊन एका चार्जिंगमध्ये किती जाते? आणि बिघडली तर दुरुस्ती करणारा किती लांब आहे?

गाडी घेतल्यावरही आराम आपल्या हातात असतो. बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पान्याने त्या फिरवून शॉकअप कडक किंवा नरम करता येतो. एकटीसाठी नरम, दोघींसाठी एक-दोन खाचा कडक. कडक न करता दोघी बसलात तर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि दणका थेट मणक्याला बसतो. तसंच हवेचं. मागे माणूस असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा चाकं थंड असताना हवा बघायची. यात पैसे जवळपास लागत नाहीत आणि निम्मी कंबरदुखी कमी होते.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत जोडब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेक म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, गाडी घसरायचं भय कमी होतं. एबीएसमध्ये चाक जागेवर जाम होत नाही. जुनी गाडी घेत असाल तर ती यानंतरची आहे का ते बघा. मागे माणूस असेल तर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून एकटी असताना ठेवता त्याच्या दुप्पट अंतर पुढच्या गाडीपासून ठेवा.

लांबच्या प्रवासाचंही बोलू, कारण हौस प्रत्येकीला असते आणि असावी. पंढरपूरहून सोलापूर सुमारे सत्तर किलोमीटर, सोलापूरहून तुळजापूर सुमारे पंचेचाळीस. दोघी मैत्रिणी एका गाडीवर हा रस्ता करू शकतात. पहाटे उजाडल्यावर निघा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. तासाभराने थांबून दोघींनी दहा मिनिटं चाला, पाणी प्या. सामान पाठीला किंवा मांडीवर नको, गाडीला घट्ट बांधा, आणि दोरीचं टोक लोंबकळत ठेवू नका. शंभर सीसीच्या गाडीने अशा वाऱ्या होतात. त्यासाठी वेगळी मोठी गाडी लागत नाही, लागते ती घाई नसण्याची सवय.

आणि तिघींनी बसायचं नाही. कायदा चालवणाऱ्यामागे एकाच माणसाची परवानगी देतो. हेल्मेट दोघींनाही, चालवणारीला आणि मागचीलाही, चार वर्षांवरील मुलांनाही. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, लहान हेल्मेट आणि ताशी ४० च्या आतला वेग असा नियम आहे. ‘दोन मिनिटांवर तर जायचंय’ असं म्हणू नका. डोकं रस्त्यावर आपटायला एक क्षण पुरतो.

आता पैशाचं. शोरूममध्ये सांगतात ती किंमत वेगळी आणि रस्त्यावर गाडी येईपर्यंतची वेगळी. कर, पासिंग, विमा धरून ‘ऑन रोड’ किंमत कागदावर लिहून मागा. मग व्याज. फायनान्सवाला म्हणतो ‘फक्त दहा टक्के’. त्याला विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकेवर? समजा ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले. दहा टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला ६,००० प्रमाणे १८,००० व्याज, हप्ता सुमारे २,१६७ रुपये. घटत्या शिलकेच्या भाषेत हे जवळजवळ अठरा टक्के झालं. तेच पैसे महिना एक टक्का घटत्या व्याजाने मिळाले तर हप्ता सुमारे १,९९३ आणि एकूण व्याज पावणेबारा हजारांच्या आसपास. पण गटाचा दर महिना दोन टक्के असेल तर व्याज २४,७०० च्या वर जातं. म्हणजे गटाचं कर्ज आपलं म्हणून स्वस्तच असेल असं नाही. दर बघा, पद्धत बघा, मग सही करा. हप्ता गाडीमुळे वाचणाऱ्या आणि वाढणाऱ्या कमाईतून निघतो का, तेही वहीत मांडा.

जुनी गाडी घ्यायलाही हरकत नाही. सकाळी गाडी थंड असताना सुरू करून बघा, गरम करून ठेवलेली नको. चासी नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून बघा. कर्ज बाकी आहे का ते आरसीवर कळतं. फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घेतल्याशिवाय सगळे पैसे हातात देऊ नका. विमाही आपल्या नावावर फिरवून घ्या.

शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात मोठा. गाडी कुणाच्या नावावर? कर्ज आपल्या नावावर असेल तर आरसीही आपल्या नावावर असली पाहिजे. नवी गाडी घेताना १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो, तो ज्याच्या नावावर गाडी त्याचा असतो, आणि त्याच्याकडे लायसन्स असावं लागतं. म्हणजे गाडी नावावर पण लायसन्स नाही, तर त्याचा आपल्याला उपयोग नाही. मागे बसणारीसाठी आणखी एक गोष्ट. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मागे बसलेल्याला भरपाई मिळेलच असं धरून चालू नका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात विमा कंपनीची जबाबदारी नाही असा निकाल दिला होता. फुल, म्हणजे पॅकेज विमा असेल तर मागची व्यक्ती त्यात धरली जाते. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम निघतो, पण फुल विम्याचा दुसरा भाग बऱ्याचदा एका वर्षाचाच असतो. तो संपला की लोक भरत नाहीत. तारीख दाराला चिकटवून ठेवा.

लायसन्ससाठी अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. एका ताईने विचारलं होतं, ‘विनागियरचं काढू की गियरचं?’ गियरवाल्या गाडीचं लायसन्स असलं तर स्कूटरही चालवता येते. विनागियरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही. पुढे घरातली पहिली गाडीही वापरायची असेल तर गियरचं काढा. आमच्या गटात सात जणींनी एकदम अर्ज केले. एकटी गेली असती तर दोनदा कचेरीतून परत आली असती. सात जणी गेल्यावर काम झालं.

तर बायांनो, येत्या बैठकीत एवढं करा. वहीत वर्षाचे दिवस मोजा. गटातल्या गाड्या एका जागी आणून प्रत्येकीने पुढे आणि मागे, दोन्हीकडे बसून बघा. घरच्या गाडीचं साडीगार्ड आणि विम्याची तारीख बघून या. आणि ज्यांना लायसन्स काढायचं आहे त्यांची नावं लिहा. गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या कंपनीची हे त्यानंतर ठरवा, आणि तेही तुम्हीच ठरवा.

तुमच्या गटात कोणती गाडी का पसंत पडली ते केंद्राला कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू.